लिंग ओळखा

नळस्टॉपच्या पुढच्या बोळात, झेरॉक्सवाल्याच्या वर,
संध्याकाळी सहा ते आठ मी लोकांना सांगते
की जर्मनांचा चमचा तो, काटा ती, आणि सुरी ते.
पहिल्या दिवशी सगळेच विचारतात, का.
सत्तावीस वर्षं माझं एकच उत्तर:
तुमची भिंत बाई कधी झाली?
तिच्यातलं दार ते का?
आणि त्याच दाराचा उंबरठा पुरुष कुणी केला?
मग वर्ग गप्प होतो. पंखा ऐकू येतो.

खाली मेट्रो सुरू झाली तेव्हाही
कुणी मतं मागवली नव्हती.
पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणाली,
"आली बघा,"
झालं, ठरलं.
तिला डोक्यावर घेऊन उभा असलेला खांब मात्र तो.

वर्षाराणी चौगुले जूनमध्ये आली. गारगोटीची.
नर्सिंग झालेलं, उल्मच्या इस्पितळात जागा धरून ठेवलेली,
परीक्षा तेवढी बाकी.
दारात धापा टाकत म्हणाली,
"मॅडम, बस चुकली, पळत आलो."
मागच्या बाकावरचे कोथरूडचे दोघे हसले.

तिच्या गावात बायका येतात, जेवतात, रडतात
ते सगळं ओकारानं.
आलो. जेवलो. रडलो.
"हॉस्टेलवर रोज चिडवत्यात," ती म्हणाली,
"चुकतंय म्हणत्यात. माझी आई असंच बोलती.
आई चुकली व्हय?"

माझी जीभ शाळेतच इस्त्री होऊन आलेली.
सुधारायला टोकापर्यंत गेली, तशीच मागे घेतली.
फळ्यावर लिहिलं: इश् बिन गेकोमेन.
म्हटलं, याचा अर्थ मी आलो.
याचाच अर्थ मी आले.
तिथं 'मी'ला लिंग नसतं.

ती फळ्याकडे बघत राहिली.
"म्हंजे चमच्याला हाय, आणि मला न्हाई?"
"नाही."
"बरं हाय की."

तिची वही एकदा तपासायला घरी आणली.
जखम ती, तिथंही ती.
रक्त ते, तिथंही ते.
ताप तिथं ते.
सूर्य बाई, चंद्र बाप्या.
मुलगी ते, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं.
त्याखाली बारीक अक्षरात, पेन्सिलीनं:
आपल्यात पण लेकरू ते, वासरू ते, पोरगं ते.
ल्हान असतंय तवर ते असतंय.

लाल शाई हातात होती.
या ओळीखाली काय करावं कळेना.
वही मिटली. स्वयंपाकघरात जाऊन
उगाच भांडी लावत बसले,
तो तवा, ती कढई, ते पातेलं,
कुणाचीच काही तक्रार नव्हती.

वाद आमचा एकदाच झाला, पेनवरून.
मी म्हटलं, ते पेन दे.
ती म्हणाली, "ह्यो पेन?"
ते म्हण, मी म्हटलं.
"त्यो," ती म्हणाली, आणि दिला.
कोशात बघायचं ठरलं होतं, राहून गेलं.

पहिल्यांदा ऐकण्याच्या पेपरात सहा गुणांनी गेली.
रात्रपाळ्या करून पुन्हा बसली.
निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आली तेव्हा
मागच्या बाकावर दुसरेच दोघे होते, ते हसले नाहीत.
किंवा मी बघितलं नाही.

काल रात्री साडेअकराला फोनवर तिचा आवाज.
मागे स्टेशनवरची घोषणा चाललेली,
कुठलीशी गाडी उशिरा, नेमकी कुठली ते निसटलं.
मग ती, दात वाजत:
"मॅडम, मी पोचलो.
हितं लई थंडी हाय.
आणि तुमचा त्यो पेन माझ्याकडंच ऱ्हायला बघा."

मी लिहिलं, राहू दे ते.
खोडलं.
राहू दे तो.